हर्रानियाचे तीन नियम

गेल्या शनिवारी माझा सहा वर्षांचा भाचा जमिनीवर पालथा पडून हत्ती काढत होता. हत्ती जांभळा आणि पाय पाच! "अरे, हत्तीला पाच पाय कुठे असतात?" असं मी आपलं सहज म्हणालो. त्याने पाचवा पाय खोडला, मग कागदच बाजूला सारला आणि टीव्ही लावला. झालं! आठवडाभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढायची सवय, दुसरं काय?

तेव्हा मला रामसेस विसा वासेफची आठवण झाली. हा माणूस इजिप्तचा, जन्म १९११चा, पेशाने आर्किटेक्ट. पॅरिसमध्ये शिकून परत आला आणि कैरोत शिकवू लागला. प्रत्येक मूल जन्मतः कलाकार असतं आणि आपण मोठी माणसं शिकवून शिकवून ते मारतो, असं त्याचं ठाम मत होतं. असं बोलणारे पुष्कळ असतात. याने मात्र ते करून बघायचं ठरवलं.

१९५१ साली त्याने गिझाच्या पिरॅमिडांजवळ, सक्काऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या हर्रानिया या शेतकरी गावात जमीन घेतली. तिथे कच्च्या विटांच्या घुमटाकार खोल्या बांधल्या आणि माग बसवले. बायको सोफी सोबत होती. तिचे वडील हबीब गोर्गी यांनी आधी असाच प्रयोग मातीच्या शिल्पांवर केला होता. गावातली शेतकऱ्यांची मुलं कुतूहलाने यायला लागली. वासेफने त्यांना मागावर धागा कसा भरायचा एवढंच दाखवलं. काय विणायचं हे सांगितलं नाही.

नियम तीनच होते. एक, आधी कागदावर चित्र काढायचं नाही, थेट मागावर विणायचं. दोन, बाहेरची चित्रं बघून नक्कल करायची नाही. तीन, मोठ्यांनी टीका करायची नाही आणि मध्ये तोंड घालायचं नाही. (हा तिसरा नियम आमच्या ऑफिसात लावला तर निम्म्या मीटिंगा रद्द होतील.)

आता हे किती अवघड आहे बघा. उभ्या मागावर टॅपेस्ट्री खालून वर विणतात. ताणा सुती, बाणा लोकरीचा. विणून झालेला भाग गुंडाळला जातो, त्यामुळे विणणाऱ्याला समोर फक्त एक पट्टा दिसतो. झाडाचं खोड विणताना वरच्या फांद्या कुठवर जाणार हे डोक्यातच ठेवायचं. मोठं काम असेल तर महिनोन् महिने जातात. पूर्ण चित्र त्यांना मागावरून उतरवल्यावरच बघायला मिळायचं.

खरं तर लोकरीतून चित्र विणणं ही इजिप्तची फार जुनी कला. तिथल्या कॉप्टिक ख्रिश्चन काळातल्या, दीड हजार वर्षांपूर्वीच्या विणलेल्या चित्रांचे तुकडे कोरड्या वाळूतल्या थडग्यांत टिकले आणि आज जगभरच्या संग्रहालयांत आहेत. पण परंपरा मात्र कधीच तुटली होती. ती पुन्हा जोडली गेली हर्रानियाच्या पोरांच्या हातून. त्यांनी विणलं ते आजूबाजूचंच: खजुराची झाडं, नाईलकाठ, गाढवं, पक्षी, गावातली लग्नं. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ही कामं युरोपात प्रदर्शनांत गेली आणि लोक चकित झाले. अली सेलीम, गारिया महमूद ही त्या पहिल्या पिढीतली नावं. १९७४ मध्ये वासेफ गेला. पण सोफी आणि मुलींनी काम थांबू दिलं नाही, नवी पिढीही मागावर बसली. १९८३ मध्ये या केंद्राला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

इथवर सगळं गोड आहे. पण दोन प्रश्न मला सुटत नाहीत. पहिला, हे बालमजुरी नाही का? वासेफ मुलांना कामाचे पैसे द्यायचा आणि त्यातले कित्येक जण पुढे आयुष्यभर स्वखुशीने विणत राहिले, हे त्याच्या बाजूचं. तरी प्रश्न राहतोच. दुसरा प्रश्न जास्त टोचतो. बाहेरचं काही बघायचं नाही हा नियम ठरवला कुणी? स्वतः पॅरिस बघून आलेल्या माणसाने! 'निरागस खेडूत' हे शेवटी शहरातल्या शिकलेल्या माणसाच्या मनातलंच चित्र ना?

तरीही मी त्याच्याच बाजूने झुकतो, कारण 'शिकवायचं नाही' म्हणजे 'सोडून द्यायचं' असं त्याने केलं नाही. उजेड नीट येईल अशा खोल्या त्याने बांधल्या. रंगांसाठी झाडं बागेतच लावली. लाल रंग आपल्या मंजिष्ठाच्या बहिणीचा, निळा निळीचा. त्या रंगांत लोकर रंगवली, पैसे दिले, आणि मुलाने एकेक वीत विणेपर्यंत वर्षानुवर्षं वाट बघितली. चित्र सोडून बाकी सगळी जबाबदारी त्याची. आपलं बरोबर उलट असतं. साधनं देत नाही, वेळ देत नाही, आणि सूचना मात्र पोत्याने.

असो. काल भाच्याला मोठे कागद आणि खडूंची नवी पेटी नेऊन दिली आणि गप्प शेजारी बसलो. दहा मिनिटांत तीनदा जीभ चावावी लागली. त्याने परत हत्ती काढला, चार पायांचा. अगदी बरोबर! आणि काढून झाल्यावर माझ्याकडे बघून विचारलं, "मामा, बरोबर आहे ना?"

वासेफला तेवढ्यासाठीच तिसरा नियम करावा लागला असणार.