दाभोळ खाडीकाठची शेती : राबापासून संशोधन केंद्रापर्यंत

दाभोळ हे रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील प्राचीन बंदर वाशिष्ठी नदीच्या मुखाशी वसले आहे. बहमनी काळात येथून अरबस्तान आणि इराणी आखाताशी मोठा व्यापार चाले. रशियन प्रवासी अफनासी निकितीन पंधराव्या शतकात येथूनच परतीच्या प्रवासाला निघाला. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी शहर जाळले आणि पुढे हळूहळू बंदराचे महत्त्व ओसरले. पण व्यापाराची भरती असो वा ओहोटी, खाडीकाठच्या गावांचे पोट भात, नाचणी, कुळीथ आणि मासळी यांवरच भरत आले.

येथील जमीन एकसारखी नाही. दरडीखालच्या मळ्यांत भात, घराजवळच्या आगरांत नारळ-सुपारी, डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी व वरी आणि खाडीलगतच्या खाजणांत (भरतीच्या पाण्याने खारावलेल्या जमिनीत) खारे भात, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. वरकस जमिनीत पहिल्या वर्षी नाचणी, पुढे वरी किंवा हरीक, मग तीळ किंवा कारळा असा फेरा होई. त्यानंतर जमीन काही वर्षे पडीक ठेवत. पावसाळ्यात सुमारे ३,५०० मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि उतारावरची माती वाहून जाते. अशा ठिकाणी हा विसावा जमिनीला आवश्यकच होता.

भाताची रोपे तयार करण्यासाठी राब भाजत. उन्हाळ्यात तोडलेली कवळ (झाडांच्या पानांसह डहाळ्या), पालापाचोळा, गवत आणि शेण रोपवाटिकेच्या जागेवर थरांनी पसरून त्यावर मातीचा पातळ थर देत व वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवत. आगीने तणाचे बी मरे आणि राख खत म्हणून उपयोगी पडे. इंग्रजी अमदानीत वनखात्याला मात्र यात झाडांची नासाडी दिसली आणि कवळ तोडण्याच्या हक्कावरून वाद पेटला. हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करणारे डॉ. जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी १८९३ च्या अहवालात राबाची दखल घेतली. शेतकऱ्याच्या रूढीमागे काही कारण असते, हे मान्य करून तिची तपासणी करण्याची दिशा तेथून स्पष्ट झाली.

खाजणातील शेती सामूहिक श्रमावर उभी होती. दगडमातीचा बांध घालून भरतीचे पाणी अडवत आणि बांधातल्या उघाडीतून (झडपेतून) पावसाचे पाणी बाहेर सोडत. पहिल्या सरींनी जमिनीतील क्षार धुऊन निघाले की मोड आणलेले बी चिखलात फेकत. याला रहू पद्धत म्हणतात. बांध एका जागी फुटला तरी साऱ्यांचेच पीक बुडे, म्हणून डागडुजीला सगळ्यांनी येणे भाग असे. या जमिनीत टिकणारी ‘राता’ ही भातजात कोकणच्या शेतकऱ्यांनी जपली होती. तिच्यातून निवड करून ‘काळा राता १-२४’ आणि ‘भुरा राता ४-१०’ हे वाण तयार झाले. पुढे पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने ‘पनवेल’ मालिकेतील क्षारसहनशील जाती दिल्या.

शेती मात्र कसणाऱ्याच्या मालकीची नव्हती. गावाचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या म्हणजे खोतीच्या पद्धतीत कुळाच्या हाती पिकाचा थोडाच वाटा उरे. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती संपली. तोवर घरटी एखादा तरी माणूस मुंबईच्या गिरणीत पोहोचला होता आणि गावातील शेती बायका व म्हाताऱ्यांच्या खांद्यावर आली होती.

दापोलीत १८ मे १९७२ रोजी कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले. आज ते डॉ. बाळासाहेब सावंत यांच्या नावाने ओळखले जाते. जांभ्याची जमीन, अतिवृष्टी आणि लहान खातेदार हे त्याच्या अभ्यासाचे विषय ठरले. रत्नागिरीजवळच्या शिरगाव आणि रायगडमधील कर्जत येथील केंद्रांनी भाताचे वाण दिले. नाचणीची ‘दापोली-१’ ही जात विद्यापीठानेच दिली.

राबाला पर्याय देण्याच्या दिशेने कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांची चारसूत्री भात लागवड विशेष महत्त्वाची ठरली. भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत घालायची आणि गिरिपुष्पाच्या झाडाचा पाला चिखलणीच्या वेळी शेतात गाडायचा. लावणी दोरीच्या खुणेवर १५ व २५ सेंटिमीटर अशा आलटून-पालटून अंतराने करायची. मग दर चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये युरिया-डीएपीची एक गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल हाताने खोचायची. खत वाहून जात नाही, कमी लागते आणि बांधावर लावलेले गिरिपुष्प दरवर्षी पाला देते. राबातील राख आणि पाला यांचे काम येथे आग न लावता होते.

फळबागांनी चित्र सर्वाधिक बदलले. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात नीलम व हापूसच्या संकरातून ‘रत्ना’ आंबा आला आणि काजूचे अनेक वाण आले. १९९० मध्ये रोजगार हमी योजनेशी फळबाग लागवड जोडली गेली, तेव्हा वरकस जमिनीवर आंबा-काजू उभे राहिले. गावात पैसा आला, पण नाचणी-वरीची जागा आक्रसली आणि घरचे धान्य दुकानातून येऊ लागले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली परिसरातील आंबा, नारळ व सुपारीच्या बागा मोडून पडल्या, तेव्हा केवळ फळबागांवर विसंबण्याची जोखीम साऱ्यांना दिसली.

खाडीही याच अन्नव्यवस्थेचा भाग आहे. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने मासळी मरत असल्याच्या तक्रारी दाभोळ खाडीतील मच्छीमार वर्षानुवर्षे करत आले आहेत. शेतीचे संशोधन मळ्यापुरते थांबले, तर ताटातील बरेचसे अन्न त्याच्या कक्षेबाहेर राहते. येथील यशस्वी प्रयोग पाहिले, तर राताची निवड किंवा चारसूत्रीचा गाडलेला पाला यांची सुरुवात शेतकऱ्याच्या जुन्या अनुभवातूनच झालेली दिसते. म्हणून नाचणी-वरीचे बियाणे, खाजणाचे बांध आणि खाडीचे पाणी या तिन्हींचे रक्षण गावकरी व संशोधक यांनी एकत्र करायला हवे. दाभोळच्या शेतीची पुढची दिशा त्यातच आहे.