दिसणारा धूर आणि न दिसणारी धूळ

चैत्र लागला की वसमतेकडे हळदीची धांदल उडते. शिजवून उन्हात वाळवलेली हळकुंडे ढोलात घालून घोळली जातात. त्यांना झळाळी चढते, तशी ढोलाभोवतीच्या माणसांच्या भुवया, मिशा आणि सदरे पिवळे होतात. जिनिंगमध्ये हेच पांढऱ्या रंगात चालते. संध्याकाळी हातपाय धुतले की धूळ गेली, असे आपण समजतो. परंतु अंगावरची धूळ धुता येते. छातीत गेलेली धुता येत नाही. ही साधी गोष्ट कायद्याच्या गळी उतरण्यास किती काळ लागला, ते आज आम्ही सांगणार आहोत. आम्ही पंडित नव्हे. हमाल आणि जिनिंगचे कामगार यांच्यात आमची हयात गेली, आणि जे वाचले ते गरजेपोटी वाचले.

ती गरज कशी पडली? सुमारे वीस वर्षांपूर्वी एका जिनिंगमधील कामगाराच्या भरपाईचे प्रकरण आमच्याकडे आले. रुईच्या धुळीत त्याची जवानी गेली होती आणि आता चार पावले चालताच दम लागे. मालकाच्या वकिलांनी शांतपणे विचारले, "धूळ किती होती?" आम्ही म्हटले, "पुष्कळ होती." "पुष्कळ म्हणजे किती?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. प्रकरण तेथेच बसले. कायद्याच्या दारात "पुष्कळ" या शब्दास किंमत नाही, तेथे आकडा लागतो, हे त्या दिवशी आम्हांस कळले.

हवेविषयीच्या कायद्याचा आरंभ आकड्यापासून झाला नाही, डोळ्यापासून झाला. मुंबईच्या गिरण्यांची धुराडी शहर काळे करू लागली, तेव्हा 1912 साली मुंबई सरकारने धूरउपद्रवाचा कायदा केला. (बंगालात तो 1905 सालीच झाला होता.) धुराड्यातून निघणारा धूर किती दाट, यावर गुन्हा ठरे. हिंगोली तेव्हा निजामाच्या मुलखात असल्यामुळे मुंबईचा हा कायदा येथवर पोचलाच नाही. पण त्याची दृष्टी समजून घेतली पाहिजे. काळे दिसेल तेवढेच वाईट, अशी ती दृष्टी होती.

या दृष्टीस पहिला मोठा धक्का लंडनमध्ये बसला. डिसेंबर 1952 मध्ये पाच दिवस कोळशाचा धूर धुक्यात कोंडून राहिला. नेहमीपेक्षा सुमारे चार हजार माणसे अधिक मेली, असा त्या वेळचा अंदाज होता. पुढच्या संशोधकांनी तो आकडा बराच वाढवला. 1956 साली तेथे स्वच्छ हवेचा कायदा आला.

आपल्याकडे हवेच्या प्रदूषणाचा देशव्यापी कायदा 1981 साली झाला आणि 1982 साली पहिली मानके ठरली. त्यांत हवेतली सगळी तरंगती धूळ एकत्र मोजत. 1994 साली 10 मायक्रोनहून बारीक धूळ वेगळी काढण्यात आली, आणि 2009 साली 2.5 मायक्रोनपर्यंतच्या धुळीस प्रथमच मर्यादा आली. मायक्रोन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाड कण नाकात व घशात अडतात. हे बारीक कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात, काही रक्तातही उतरतात. म्हणून त्यांचा मार दम्यावरच थांबत नाही, हृदयविकार आणि पक्षाघातापर्यंत जातो.

हे सिद्ध कसे झाले? अमेरिकेत सहा शहरांतील आठ हजारांहून अधिक लोकांवर चौदा ते सोळा वर्षे लक्ष ठेवण्यात आले. 1993 साली निष्कर्ष आला. विडीकाडीचा परिणाम बाजूला काढला, तरी सर्वांत मळक्या हवेच्या शहरात मृत्यूचे प्रमाण सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा 26 टक्के अधिक होते. 1997 साली तेथील सरकारने बारीक धुळीस मर्यादा घातली. व्यवसायवाले न्यायालयात गेले. 2001 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की, मर्यादा ठरवताना लोकांचे आरोग्य पाहायचे, खर्च नव्हे. "परवडत नाही" हे उत्तर आयुष्यभर ऐकलेल्या आमच्यासारख्यास हा निकाल फार मोलाचा वाटतो.

आता घराकडे वळू. आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 साली सुचवलेली 5 आहे. 2019 साली केंद्राने शुद्ध हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. पुढे त्यात 131 शहरे आली. त्यांपैकी महाराष्ट्रातील 19, आणि मराठवाड्यातील छत्रपती संभाजीनगर, जालना व लातूर. हिंगोली त्यांत नाही. याचा अर्थ आमची हवा शुद्ध ठरली, असा कोणी करू नये. वर्षानुवर्षे मोजणी होऊन जेथे मर्यादा ओलांडलेली दिसली, ती शहरे यादीत गेली. जेथे मोजमाप नाही, तेथे दोषही नाही! शिवाय या कार्यक्रमात प्रगतीचे माप मुख्यतः 10 मायक्रोनच्या धुळीवरच धरले गेले; अधिक घातक ती पुन्हा मागे राहिली.

कारखान्याच्या आतली गोष्ट निराळी नाही. 1948 च्या कारखाना कायद्यात 1987 साली कापसाच्या धुळीस आठ तासांच्या पाळीसाठी घनमीटरला 0.2 मिलिग्रॅमची मर्यादा घालण्यात आली. म्हणजे आमचे प्रकरण बसले, तेव्हा मर्यादा कागदावर होती. त्या जिनिंगमध्ये धूळ मोजणारे यंत्र मात्र कधी आले नव्हते. त्या कायद्याची जागा 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या संहितेने घेतली आहे. पण कायदा बदलल्याने यंत्र आपोआप येत नाही.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच आहे. दर हंगामात जिनिंगमध्ये, हळदीच्या ढोलापाशी आणि मोंढ्यात धूळ मोजावी, आणि आकडा दारावर लावावा, कामगारांस वाचता येईल अशा अक्षरांत. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरातही एकदा ते यंत्र न्यावे. त्या कामगारास आम्ही न्याय मिळवून देऊ शकलो नाही. पुढच्या कामगारास कोणी "धूळ किती होती?" असे विचारले, तर त्याच्या हाती उत्तर असले पाहिजे.