प्रोस्टेट कर्करोगावरील किरणोपचार आणि रुग्णानुभवाची नोंद : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील किरणोपचाराचा इतिहास बहुधा यंत्रांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. या उपचाराचे दुष्परिणाम कोणी नोंदविले आणि कोणत्या शब्दांत, हा प्रश्न त्यात मागे पडतो. प्रस्तुत लेखात त्या प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

१८९८ मध्ये रेडियमचा शोध लागला. पुढील दोन दशकांत पॅरिसमध्ये पास्तो यांनी मूत्रमार्गातून, तर बाल्टिमोर येथे ह्यू हॅम्प्टन यंग यांनी मूत्रमार्ग, मूत्राशय व गुदाशय या तिन्ही वाटांनी रेडियम ग्रंथीजवळ नेले. ही ग्रंथी मूत्राशय व गुदाशय यांना लगटून असते. दुष्परिणामांचे मूळ या शरीररचनेतच आहे. १९४१ मध्ये हगिन्स व हॉजेस यांनी संप्रेरकोपचाराचा मार्ग दाखविल्यावर किरणांचे महत्त्व ओसरले. स्टॅनफर्ड येथे माल्कम बॅगशॉ यांनी १९५० च्या दशकापासून लिनिअर ॲक्सिलरेटरच्या साहाय्याने त्याचे पुनरुज्जीवन केले. लैंगिक क्षमता टिकण्याचा मुद्दा त्यांनी मांडला होता, हे त्यांच्या श्रेयास नमूद केले पाहिजे.

शस्त्रक्रियेची हानी तत्काळ दिसते. किरणांची हानी मात्र सावकाश प्रकटते. वारंवार लघवीला जावे लागणे, शौचातून रक्त पडणे, ताठरता कमी होणे यांपैकी काही तक्रारी उपचार संपल्यावर महिन्यांनी, क्वचित वर्षांनी उद्भवतात. त्यांचे मोजमाप दीर्घकाळ डॉक्टरांच्याच हाती होते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरटीओजी-ईओआरटीसी श्रेणीपद्धतीत मूत्राशय व आतडे यांना स्थान आहे, लैंगिक कार्याला नाही. ज्या व्याधीत रुग्णाला ही चिंताही ग्रासू शकते, तिथे हा रकानाच नसावा, हे केवळ तांत्रिक न्यून मानता येणार नाही. भिडेपोटी रुग्ण बोलत नाही आणि तक्तयात जागा नसल्याने डॉक्टर विचारीत नाही, असे हे दुहेरी मौन होते.

१९९८ मध्ये लिटविन व सहकाऱ्यांनी डॉक्टर व रुग्ण यांची मूल्यमापने शेजारी ठेवली, तेव्हा डॉक्टर त्रास कमी लेखतात असे आढळले. २००० मध्ये मिशिगन येथे तयार झालेल्या 'एपिक' प्रश्नावलीने लक्षण किती व त्याचा जाच किती, हे स्वतंत्रपणे विचारले. ब्रिटनमधील 'प्रोटेक्ट' चाचणीत १६४३ पुरुषांची यादृच्छिक विभागणी झाली. त्यांच्याच उत्तरांवर आधारित २०१६ चा अहवाल सांगतो की, किरणोपचारानंतर सहा महिन्यांनी शौचविषयक व लैंगिक कार्य सर्वाधिक खालावले, नंतर बरेचसे सावरले. शौचातून रक्त पडण्याची तक्रार मात्र अधिक राहिली. मूत्रनियंत्रणावर किरणांचा परिणाम अल्प होता, तर शस्त्रक्रियेचा सर्वाधिक.

रुग्णाची साक्ष नेहमी डॉक्टरांपेक्षा गंभीरच असते, असेही नव्हे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील २२४ रुग्णांच्या 'पॉप-आरटी' चाचणीत ओटीपोटातील लसीका ग्रंथींनाही किरण दिलेल्या गटात मूत्रविषयक उशिराचे दुष्परिणाम डॉक्टरांच्या श्रेणीनुसार लक्षणीयरीत्या अधिक होते. रुग्णांनी भरलेल्या जीवनमानाच्या प्रश्नावल्यांत मात्र दोन्ही गटांत तसा फरक दिसला नाही.