चित्रपटाचा धनी कोण? : नाशिकच्या हिंदुस्थान कंपनीची कहाणी

चैत्रांत वणीच्या सप्तशृंगीची यात्रा भरली म्हणजे खानदेशापासून पायीं येणाऱ्या भाविकांच्या मुखीं देवीच्या कथा खेळत असतात. इकडे गोदातीरीं पंचवटी, पलीकडे त्र्यंबकेश्वर. जेथें पुराणें वाटेवर भेटतात, त्या नाशिक जिल्ह्यांतच पौराणिक चित्रपटांचा मोठा कारखाना उभा राहावा, हें उचितच होय. परंतु त्या कारखान्याचा इतिहास केवळ भक्तीचा किंवा कलेचा नाहीं. अधिकार कोणाचा आणि जबाबदारी कोणाची, या रोकड्या प्रश्नाचाहि तो इतिहास आहे.

त्र्यंबकेश्वरीं ३० एप्रिल १८७० रोजीं जन्मलेल्या धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. त्यासाठीं विम्याची पॉलिसी गहाण पडली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले. त्याच वर्षीं फाळक्यांनीं आपलें बिऱ्हाड नाशकास हलविलें. कथा त्यांची, दिग्दर्शन त्यांचें आणि कर्जहि त्यांचेंच! चित्रपट बुडाला तर तो एकाच घरास बुडविणार होता. अशा स्थितींत हिशेब विचारणारा दुसरा कोणी नव्हता. आणि त्याची गरजहि नव्हती.

१९१४ मध्यें महायुद्ध पेटलें. कच्ची फिल्म परदेशांतून यावयाची. ती महाग व दुर्मिळ झाली आणि भांडवल आटलें. तशांतहि १९१७ मध्यें फाळक्यांनीं 'लंकादहन' काढला. त्यांत राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटानें केल्या. चित्रपटास अफाट गर्दी लोटली, आणि धनिकांचें लक्ष नाशिककडे वळलें. १९१८ मध्यें वामन श्रीधर आपटे, मायाशंकर भट्ट प्रभृति भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. पैसा भागीदारांचा, कसब फाळक्यांचें, अशी ही वांटणी होती. 'श्रीकृष्णजन्म' (१९१८) आणि 'कालियामर्दन' (१९१९) हे चित्रपट गाजले. दुसऱ्यांत फाळक्यांची चिमुकली कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती.

यश मिळालें, तरी कुरबूर सुरू झाली. चित्रपटास किती दिवस लागावेत, एखाद्या दृश्यावर किती खर्च व्हावा, हें ठरविणार कोण? मनासारखें दृश्य साधेपर्यंत फाळक्यांस काळवेळाचें भान नसे. भागीदारांस ठराविक मुदत व चोख हिशेब हवा होता. दोघांचेंहि म्हणणें आपापल्या जागीं रास्त होतें. ज्याचा पैसा अडकला आहे त्यानें हिशेब मागूं नये काय? आणि ज्याच्या नांवावर लोक तिकीट काढतात, त्यानें अर्धवट काम पडद्यावर येऊं द्यावें काय? वाद विकोपास गेला आणि 'कालियामर्दन'नंतर लौकरच फाळके कंपनी सोडून काशीस गेले. तेथें त्यांनीं 'रंगभूमी' हें नाटक लिहिलें.

योगायोग असा कीं, १९१९ मध्यें अमेरिकेंतहि हाच प्रश्न निराळ्या रीतीनें सोडविण्याचा प्रयत्न झाला. चॅप्लिन, मेरी पिकफर्ड, डग्लस फेअरबँक्स आणि ग्रिफिथ या चौघां कलावंतांनीं स्वतःच युनायटेड आर्टिस्ट्स ही कंपनी काढली. नफा आपला तसा तोटाहि आपला, असा तो पत्कर होता.

फाळक्यांवांचून नाशिकचा कारखाना बंद पडला नाहीं. पण त्यांची उणीव भासली. कांहीं वर्षांनीं ते परत आले. मात्र आतां पडद्यावर नांव त्यांचें असलें तरी तिजोरीच्या किल्ल्या दुसऱ्यांच्या हातीं होत्या. १९३१ च्या मार्चमध्यें 'आलमआरा' बोलूं लागला आणि मूकपटांचें युग सरलें. फाळक्यांचा 'सेतुबंधन' (१९३२) मूकपट म्हणूनच तयार झाला. मागाहून त्यास ध्वनि जोडावा लागला. कंपनीहि लौकरच मिटली. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा बोलपट कोल्हापूर सिनेटोनसाठीं निघाला.

कोल्हापुरांत १ जून १९२९ रोजीं स्थापन झालेल्या 'प्रभात'नें निराळा मार्ग धरला. तेथें दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर हे कारागीरच मालक होते. सीतारामपंत कुलकर्णी पैशाची बाजू पाहत. मालक व कलावंत एकच झाले, म्हणून नाशकासारखा तंटा तेथें बराच काळ उद्भवला नाहीं. तरीहि १९४२ मध्यें शांताराम बाहेर पडले आणि १९५३ मध्यें 'प्रभात' बंद झाली. तेव्हां केवळ मालकी वांटल्यानें भागत नाहीं. निर्णय कोणीं घ्यावयाचा आणि फसल्यास कोणीं उत्तर द्यावयाचें, हें आधींच ठरावें लागतें. अधिकारावांचून जबाबदारी हा जुलूम आहे, आणि जबाबदारीवांचून अधिकार ही उधळपट्टी आहे.

१६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशकांत दादासाहेब विपन्नावस्थेंत निवर्तले. पुढें १९६९ पासून त्यांच्या नांवानें राष्ट्रीय पुरस्कार दिला जाऊं लागला. त्या काळच्या मूकपटांपैकीं बहुतेक नष्ट झाले; 'कालियामर्दन'चा मात्र मोठा भाग टिकून आहे. त्यांत कालियाच्या फणेवर नाचणारी मंदाकिनी पाहतांना कंपनीच्या खात्यांत कोणाच्या नांवें किती रक्कम पडली, हें कोणी विचारीत नाहीं. परंतु तो हिशेब वेळीं सामोपचारानें मिटला असता, तर तशीं आणखी किती चित्रें मराठी माणसाच्या पदरीं पडलीं असतीं, हा प्रश्न मनांत राहतोच.