परदेशात वायफाय ‘कनेक्टेड’ दिसतं, पण नेट चालत नाही? हे करून बघा

आमच्या पहूरची पोरं नोकरीला, शिकायला बाहेर जातात, आणि विमानतळावर उतरल्यावर त्यांचा घरी फोन लागला नाही की इकडे घरातल्यांचा जीव टांगणीला लागतो. बऱ्याचदा फोन ठणठणीत असतो. अडलेलं असतं ते लॉगिनचं पान.

वायफायला जोडल्यावर फोन गुपचूप एक ठरलेला साधा पत्ता उघडून बघतो. भलतंच पान आलं, तर ‘साइन इन करा’ म्हणतो. तुम्ही व्हीपीएन किंवा प्रायव्हेट डीएनएस चालू ठेवला असेल, तर हे पान बहुतेक वेळा येतच नाही. आधी दोन्ही बंद करा आणि लॉगिन झालं की परत चालू करा. तरीही नाही आलं, तर ब्राउझरमध्ये नेव्हरएसएसएल डॉट कॉम उघडा. एचटीटीपीएसची साइट हॉटेलच्या वायफायला मध्येच वळवता येत नाही, ही मात्र एचटीटीपीवर चालते, म्हणून लॉगिनचं पान समोर येतं.

पुढची अडचण ओटीपीची. भारतातल्या सिमवर रोमिंग चालू नसेल तर एसएमएस येणारच नाही, म्हणून निघण्याआधीच ते चालू करून घ्या. डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा, नाहीतर बिल बघून घाम फुटेल! हॉटेलात खोली नंबर आणि आडनावाचा पर्याय असतो. आडनाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच टाका.

सारखं सारखं लॉगिन मागतंय? ॲन्ड्रॉइड 10 आणि आयओएस 14 पासून फोन खरा मॅक ॲड्रेस लपवतो. हा ॲड्रेस बदलला की हॉटेलची यंत्रणा तुमचा फोन नवाच समजते. त्या एका नेटवर्कपुरता फोनचा मॅक वापरा.

दुबईत व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, पण कॉल लागत नाही. त्यात वायफायचा दोष नाही, तिथले नियमच तसे आहेत. बोटिमसारखं परवानगी असलेलं ॲप घरच्यांच्या फोनमध्येही आधीच टाकून द्या. व्हीपीएनने बंदी चुकवायला जाऊ नका, कायद्याचं लचांड मागे लागेल. चीनमध्ये तर गुगल, व्हॉट्सॲप दोन्ही बंद.

आणि उलटी गंमत: अमेरिकेत घेतलेल्या लॅपटॉपला पहूरला आल्यावर शेजाऱ्यांचं वायफाय दिसतं, घरचं नाही. भारतात 2.4 गिगाहर्ट्झवर 1 ते 13 चॅनल चालतात, अमेरिकेत सहसा 11 पर्यंतच. राउटर 12 किंवा 13 वर असेल तर 1, 6 किंवा 11 करा.