एक समाधी, दोन कार्यशाळा : फोज्जिनी आणि गोव्याचे रूपेकार

प्रस्तावना

सतराव्या शतकातील युरोपीय धार्मिक शिल्पकलेचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी साहजिकच रोम आणि फ्लॉरेन्सकडे वळते. परंतु त्या परंपरेतील एक महत्त्वाची कृती जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकामध्ये आहे. फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बातिस्ता फोज्जिनी (१६५२–१७२५) याने सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या समाधीचा चबुतरा घडविला. त्या चबुतऱ्यावर विराजमान असलेली चांदीची पेटी मात्र त्यापूर्वी सुमारे साठ वर्षे गोव्याच्याच कारागिरांनी घडविली होती. प्रस्तुत निबंधात फोज्जिनीच्या जीवनकार्याचा परामर्श घेऊन, या एकाच वास्तूत नामवंत व अनाम अशा दोन कलापरंपरा कशा एकत्र आल्या आहेत, याचा विचार केला आहे.

फोज्जिनीचे शिक्षण व कार्य

फोज्जिनीचा जन्म १६५२ मध्ये फ्लॉरेन्स येथे झाला. आपल्या राज्यातील शिल्पकला रोमच्या तुलनेत मागे पडली आहे, ही जाणीव टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याला होती. होतकरू कलावंतांना राजाश्रय देऊन त्याने रोम येथे शिक्षणासाठी पाठविले. १६७३ मध्ये फोज्जिनी रोमला गेला. तेथे एर्कोले फेर्राता याच्याकडे शिल्पकलेचे आणि चिरो फेर्री याच्याकडे आरेखनाचे शिक्षण त्याने घेतले. फेर्राता याने स्वतः बेर्निनीबरोबर काम केलेले होते. भावनांचा उत्कट आविष्कार, वस्त्रांच्या खळाळत्या चुण्या, प्रकाश व छाया यांचे नाट्य ही बरोक शैलीची वैशिष्ट्ये फोज्जिनीने अशा रीतीने थेट मूळ प्रवाहातून आत्मसात केली.

१६७६ मध्ये तो फ्लॉरेन्सला परतला आणि १६८७ मध्ये दरबारी शिल्पकार झाला. पुढे राजदरबाराच्या कारखान्यांची सूत्रेही त्याच्याकडे आली. रंगीत दगडांच्या जडावकामासाठी हे कारखाने विख्यात होते. फ्लॉरेन्समधील कार्मिने चर्चच्या कोर्सिनी कपेलातील संगमरवरी उत्थित शिल्पे ही त्याची गाजलेली धार्मिक कृती होय. सांता क्रोचे चर्चमधील गॅलिलिओच्या स्मारकावरील अर्धपुतळाही त्याचाच आहे.

गोव्यासाठी घडविलेला चबुतरा

सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे निधन ३ डिसेंबर १५५२ रोजी चीनच्या किनाऱ्याजवळील सान्सियन बेटावर झाले. १५५४ मध्ये त्यांचा देह गोव्यात आणण्यात आला आणि १६२२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. जेझुइट संघाच्या गोवा प्रांताचे प्रतिनिधी फ्रान्सिस्को सार्मेंतो यांनी, संताच्या मस्तकाखाली ठेवलेली उशी भक्तिभावाने कोसिमोला अर्पण केली. तिची परतफेड म्हणून ड्यूकने समाधीसाठी चबुतरा देण्याचे ठरविले आणि ते काम फोज्जिनीकडे सोपविले.

रंगीत संगमरवर व यास्पर दगड यांच्या या भव्य रचनेच्या चारही बाजूंस कांस्याचे एकेक उत्थित शिल्प आहे. धर्मोपदेश, बाप्तिस्मा, छळाच्या प्रसंगातून सुटका आणि सान्सियन बेटावरील मृत्यू असे हे चार प्रसंग होत. काम पूर्ण झाल्यावर त्याचे सुटे भाग लिस्बनमार्गे जहाजाने गोव्यास आले. फोज्जिनी स्वतः कधीच गोव्यास आला नाही. भाग जुळवून उभे करण्याची जबाबदारी त्याचा सहकारी प्लाचिदो रामपोनी याच्यावर होती आणि १६९८ च्या अखेरीस ते काम तडीस गेले. रामपोनीने आपल्या प्रवासाचे वृत्त लिहून ठेवले. त्यामुळे आज्ञा कोणाची, आराखडा कोणाचा, उभारणी कोणाची, हे सारे आज आपणांस सांगता येते. ‘फोज्जिनीची कृती’ या शब्दांमागेही एक संपूर्ण कार्यशाळा उभी होती, हेही त्यातूनच स्पष्ट होते.

रौप्यपेटी आणि तिचे कारागीर

आता दृष्टी वर नेली पाहिजे. चबुतऱ्यावरील चांदीची पेटी १६३६–३७ या काळात गोव्याच्या रूपेकारांनी घडविली. इटालियन जेझुइट मार्चेल्लो मास्त्रिल्ली यांच्या पुढाकाराने ती तयार झाली. झेवियर यांच्या कृपेने आपण प्राणांतिक दुखापतीतून वाचलो, अशी त्यांची श्रद्धा होती. पुढे १६३७ मध्येच नागासाकी येथे त्यांना देहदंड झाला. या पेटीवर संतचरित्रातील प्रसंगांचे ३२ पत्रे आहेत. प्रसंग युरोपीय, विषय ख्रिस्ती. परंतु पत्रा ठोकून आकृती उठविण्याचे आणि रिकामी जागा नक्षीने भरून काढण्याचे हात इथलेच. मास्त्रिल्लींचे चरित्र आपणांस तपशीलवार ज्ञात आहे. चांदीवर हातोडी चालविणाऱ्या कारागिरांची नावे मात्र चबुतऱ्याच्या कर्त्याप्रमाणे इतिहासाला परिचित झाली नाहीत.

हे अनामत्व केवळ योगायोगाचे नाही. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती प्रतिमा बिगरख्रिस्ती कारागिरांकडून करवून घेण्यास मनाई केली होती. जी गोष्ट घडतच नाही तिला मनाई करावी लागत नाही. देवळांसाठी काम करणारे हातच चर्चसाठीही काम करीत होते, असा अर्थ त्या मनाईतून निघतो. मात्र ज्या कारागिराचा सहभागच नियमबाह्य, त्याच्या नावाची नोंद अभिमानाने कोण करणार? पेटी घडविणारे रूपेकार कोणत्या धर्माचे होते, हा येथे प्रश्न नाही. कारागिराची कला हवी, पण त्याची ओळख नको, ही वृत्ती या व्यवस्थेत रुजलेली होती, हे लक्षात घेतले पाहिजे.

साहित्याच्या क्षेत्रात याच्याशी ताडून पाहता येईल असे उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’चे आहे. तेथेही ख्रिस्ती आशयाने मराठी ओवीचा आश्रय घेतला. फरक इतकाच, की ग्रंथाला कर्त्याचे नाव लाभले. चांदीला लाभले नाही.

वऱ्हाडच्या संदर्भात

हा प्रश्न गोव्यापुरता मर्यादित नाही. लोणारचे दैत्यसूदन मंदिर घ्या किंवा बार्शीटाकळीचे प्राचीन देवालय घ्या. आपल्या प्रदेशातील या मंदिरांचा परिचय आपण राजवंशाच्या किंवा शैलीच्या नावाने करून देतो. ‘हेमाडपंती’ हा शब्द तर एका मंत्र्याच्या नावावरून रूढ झाला. पाषाणातून मूर्ती साकारणारा शिल्पी या नामावलीत कोठेच नसतो. कागद नसेल तेथे कर्ता नसतो, असे आपण नकळत गृहीत धरतो. परंतु छिन्नीची खूण, पत्र्यावरील ठोक्याची लय, आकृती मांडण्याची सवय हीदेखील ऐतिहासिक साधनेच आहेत.

निष्कर्ष

फोज्जिनी हा समर्थ बरोक शिल्पकार होता आणि त्याचा चबुतरा हे भारतातील फ्लॉरेन्टाईन कलेचे असाधारण उदाहरण आहे, याविषयी दुमत नाही. तथापि, ही समाधी केवळ ‘इटालियन कलाकृती’ म्हणून शिकविणे अर्धसत्य ठरेल. दर दहा वर्षांनी होणाऱ्या अवशेषदर्शनाच्या सोहळ्यात (अलीकडील सोहळा २०२४–२५) संताचा देह या चबुतऱ्यावरून खाली आणला जातो. लाखो भाविकांच्या श्रद्धेचा तो विषय आहे. इतिहासाच्या शिक्षकाने मात्र विद्यार्थ्यांची दृष्टी खालच्या संगमरवराकडून वरच्या चांदीकडेही वळविली पाहिजे. ज्याचे नाव उपलब्ध आहे त्याचे मोल कमी न करता, ज्याचे नाव उरले नाही त्याच्या कामाला पुराव्याचा दर्जा देणे, हेच आपल्या अध्यापनाचे आणि संशोधनाचे कर्तव्य आहे.