वर्षभराची विलायत



एखाद्या घरातला मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी परदेशी जाणार अशी बातमी मोहल्ल्यात पसरली, की मुबारकबादीबरोबर दोन प्रश्न हमखास येतात. किती वर्षांसाठी? आणि येताना कोणती पदवी आणणार? ज्यांच्या खिशाला चाट बसते त्यांनी हे विचारावे यात गैर काही नाही. पण उत्तर जर "थोड्याच दिवसांसाठी, आणि पदवी अशी काही नाही" असे आले, तर पुष्कळांचे चेहरे उतरतात. मग एवढा खर्च कशासाठी, फिरायलाच ना, असे कुणीतरी बोलूनही दाखवतो. त्यातून जाणारी मुलगी असली म्हणजे विचारूच नका.

या प्रश्नाला इतिहासात एक उत्तर आहे, आणि ते दूर कुठे नाही, आपल्या मुंबईत आणि कोकणातल्या जंजिऱ्याच्या परिसरात आहे. अतिया फैजी हे नाव तुमच्यापैकी काहींनी अल्लामा इक्बालांच्या संदर्भात ऐकले असेल. त्या स्वतः विद्यार्थिनी म्हणून लंडनला गेल्या होत्या, वर्ष-सव्वावर्ष राहिल्या आणि अभ्यासक्रम पुरा न करताच परत आल्या. त्यांच्या त्या अपुऱ्या वर्षाची हकीकत मी येथे सांगणार आहे.

आधी त्यांचे घराणे पाहू, कारण त्यावाचून ही गोष्ट घडलीच नसती. मुंबईच्या सुलेमानी बोहरा समाजातील तय्यबजी-फैजी हा गोतावळा व्यापारातून पुढे आलेला. त्यातले बद्रुद्दीन तय्यबजी 1860 साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आत-बाहेर, शिक्षणासाठी लंडनला गेले. डोळ्यांच्या विकाराने त्यांना मधेच घरी परतावे लागले. पुन्हा जाऊन 1867 साली ते बॅरिस्टर झाले. पुढे 1874 साली मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम या संस्थेच्या स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, 1887 साली ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि नंतर हायकोर्टाचे न्यायमूर्ती. 1903 साली मोहामेडन एज्युकेशनल कॉन्फरन्सचे अधिवेशन मुंबईत भरले तेव्हा अध्यक्षपदावरून त्यांनी मुलींच्या शिक्षणाची बाजू मांडली. इतरांना सांगून स्वतः कोरडे राहणाऱ्यांतले ते नव्हते. आपल्या मुलींनाही त्यांनी विलायतेत शिकायला पाठविले होते.

अतियाबेगमचा जन्म 1877 चा, तोही इस्तंबूलचा. वडील हसनअली यांचा व्यापार तिकडे होता. थोरली बहीण नाझली बेगम ही जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमदखान यांची पत्नी. दुसरी बहीण जोहरा, तिचे नाव पुढे येणारच आहे. कायदेपंडित आसफ ए. ए. फैजी यांचे नाव तुम्ही ऐकले असेल, तेही याच कुटुंबातले. म्हणजे हे घर पैशाअडक्याने भरलेले, ओळखीपाळखीने भरलेले. आपल्यातील सामान्य घराची आणि या घराची तुलना होणार नाही, हे मी आधीच कबूल करून टाकतो. मात्र त्या काळी याहून श्रीमंत मुसलमान घरे हिंदुस्थानात कितीतरी होती, आणि त्यांतल्या मुली उंबऱ्याच्या आतच राहिल्या, हेही विसरता येत नाही.

महाराष्ट्रातील स्त्रिया तोवर समुद्र ओलांडून गेल्या नव्हत्या असे नाही. आनंदीबाई जोशी 1883 साली अमेरिकेला गेल्या आणि 1886 साली डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई 1883 सालीच इंग्लंडला गेल्या. रखमाबाई लंडनला वैद्यकी शिकून 1894 साली डॉक्टर झाल्या. मुसलमान स्त्रीने शिक्षणासाठी एकटीच्या नावावर शिष्यवृत्ती घेऊन विलायतेला जावे, ही गोष्ट मात्र 1906 साली जवळजवळ न ऐकलेली होती. अतियाबेगमना सरकारी शिष्यवृत्ती मिळाली ती शिक्षिकेचे शिक्षण घेण्यासाठी. त्या वेळी त्यांचे वय एकोणतीस. "आता या वयात काय शिकायचे?" असे त्यांना कुणी विचारले की नाही ठाऊक नाही, आपल्याकडे विचारले असते खास.

1906 च्या ऑगस्टमध्ये बद्रुद्दीन तय्यबजी लंडनमध्येच वारले. घराण्यावर एवढा आघात झालेला असताना, अवघ्या काही आठवड्यांत त्याच घराण्यातली ही मुलगी त्याच लंडनला निघाली. जाणे पुढे ढकलायला यापेक्षा सबळ निमित्त कुठले हवे होते? तरी बेत मोडला नाही. माझ्या मते या हकीकतीतला पहिला धडा घरच्यांच्या नावावर जमा करावा लागतो.

लंडनमध्ये त्या मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाल्या. ही संस्था 1878 साली सुरू झालेली. मुलींच्या माध्यमिक शाळांना शिकविण्यासाठी तरबेज शिक्षिका हव्यात, नुसत्या शिकलेल्या बायका पुरत नाहीत, हा विचार इंग्लंडमध्येही त्या काळी नवाच होता, आणि तो अमलात आणणाऱ्या पहिल्या संस्थांत हिची गणना होते. 1892 पासून ती लंडनच्या ब्रॉन्ड्सबरी भागात होती. ॲलिस वुड्स ह्या तिच्या प्रमुख; मुले आणि मुली एकत्र शिकावीत असे ठामपणे लिहिणाऱ्या बाई. अभ्यास दुहेरी असे: एकीकडे मुलांचे मन कसे चालते याची व्याख्याने, आणि दुसरीकडे शेजारच्या मुलींच्या शाळेत जाऊन स्वतः पाठ घेणे. घोकून पास होण्याची सोय नव्हती. वर्गात उभे राहायचे, चुकायचे, आणि आपले कुठे चुकले हे इतरांच्या तोंडून ऐकून घ्यायचे. सरदार-नवाबांच्या नात्यातील, एकोणतीस वर्षांच्या स्त्रीने विशीतल्या इंग्रज मुलींबरोबर बसून हे सोसायचे म्हणजे काय, याची कल्पना तुम्हीच करा.

परंतु आपल्या दृष्टीने खरे मोल आहे ते त्यांनी केलेल्या एका जास्तीच्या कामाचे. ते काम कुणी नेमून दिले नव्हते. त्या रोजनिशी लिहीत आणि ती घरी बहिणींना पाठवीत.

ही सवय घरची होती. तय्यबजींच्या घरांतून 'अखबार'च्या वह्या ठेवलेल्या असत. घरात काय घडले, कोण आले, कोण कुठे गेले, हे थोरांनी तसेच लहानांनीही त्यात लिहायचे आणि सगळ्यांनी वाचायचे, अशी रीत. मूळची बोली गुजराती असताना या घराण्याने जाणूनबुजून घरात उर्दू आणली, तीही अशा लिहिण्यातूनच मुलाबाळांच्या हातात रुळली. अतियाबेगमनी लंडनहून जे पाठविले ते या वहीचेच लांबवर गेलेले पान होते. फरक एवढाच, की ते घरात राहिले नाही. जोहराबेगमनी तो मजकूर नीटनेटका केला आणि लाहोरच्या 'तहजीब-ए-निसवाँ' या स्त्रियांच्या साप्ताहिकाकडे दिला. हे साप्ताहिक 1898 साली मोहम्मदी बेगम आणि त्यांचे पती सय्यद मुमताज अली यांनी काढलेले. अतियाबेगम लंडनमध्ये असतानाच, 1907 साली, त्यांची रोजनिशी त्यात छापून येऊ लागली. पडद्याआडून कधी बाहेर न पडलेल्या कितीतरी वाचक स्त्रिया ती वाचीत होत्या.

विद्यार्थी मित्रहो, येथे जरा थांबा. पाहणे आणि पाहिलेले दुसऱ्याला समजेल असे सांगणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गातली बाके, फळा, बाईंचा आवाज, मुलींचे उत्तर देणे, हे ज्या वाचकाने जन्मात पाहिले नाही त्याला समजावून द्यायचे, तर आधी स्वतःला नीट पाहावे लागते. ज्याला उद्या लिहायचे आहे तो आज डोळे उघडे ठेवतो. आणि घरच्यांना लिहिताना माणूस फार बढाई मारू शकत नाही. बहिणी लगेच ओळखतात!

रोजनिशीत भेटीगाठी, मेजवान्या, थोरामोठ्यांची नावे भरपूर आहेत. खरे सांगायचे तर काही ठिकाणी ती नावे वाचून कंटाळा येतो. सयाजीराव गायकवाड, टाटांच्या घरची मंडळी, इंडिया कौन्सिलवर नेमलेले हिंदी सभासद, असे त्या वेळी लंडनमध्ये असलेले बहुतेक बडे हिंदी लोक त्यांना भेटले. पण अशा भेटींबरोबरच शाळा, संग्रहालये, संस्था पाहणे चालू होते, आणि पाहिलेल्या गोष्टीला लागूनच, हे आपल्याकडे कसे होईल, हा विचार येत राहतो. इंग्रज मुलीला हे जमते तर आपल्या मुलीला का जमू नये? जाताना त्या शिष्यवृत्तीवर गेलेली एक व्यक्ती होत्या. लिहिता लिहिता आपण अनेकींच्या वतीने पाहत आहोत, ही जाण त्यांच्यात आलेली दिसते. मनाची वाढ म्हणतात ती याहून वेगळी काय असणार?

पोषाखाचीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तोंडावर पडदा त्या घेत नसत. पण डोके झाकलेले आणि पोषाख आपला देशी, असे त्यांनी तेथे ठेवले. तिकडे गेले की सगळेच बदलावे लागते अशी धास्ती असणाऱ्या आईबापांनी हे ध्यानात घ्यावे. आणि काहीच बदलू नये असा हट्ट असणाऱ्यांनी पहिले वाक्यही ध्यानात घ्यावे.

एप्रिल 1907 मध्ये लंडनला मिस बेक यांच्या घरी त्यांची आणि इक्बालांची पहिली भेट झाली. इक्बाल तेव्हा केंब्रिजला शिकत होते, कवी म्हणून नाव होऊ लागले होते. पुढे ऑगस्टमध्ये अतियाबेगम जर्मनीत हायडेलबर्गला गेल्या, तेव्हा इक्बाल तेथे जर्मन भाषा शिकत होते आणि त्यांना शिकविणाऱ्या स्त्रिया होत्या. लंडनमध्ये बोलण्यात कुणाला हार न जाणारे, टोमणे मारणारे इक्बाल येथे शिक्षिकांपुढे साध्या विद्यार्थ्यासारखे नम्रपणे बसतात, हे पाहून आपल्याला नवल वाटले, असे अतियाबेगमनी आपल्या 'इक्बाल' या 1947 सालच्या पुस्तकात लिहिले आहे. परदेशाने एका विद्यार्थ्यात काय फरक केला हे दुसऱ्या विद्यार्थिनीने टिपून ठेवावे, असा योग क्वचित येतो. मात्र इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक सावधगिरी बाळगावी. त्या वेळच्या रोजनिशीत इक्बालांचा उल्लेख अगदी थोडका आहे. सविस्तर वर्णन आहे ते चाळीस वर्षांनंतरच्या पुस्तकात, इक्बाल जगप्रसिद्ध होऊन गेल्यावरचे. दोन्ही लिखाणे एकाच हातची असली तरी एकाच वजनाची नाहीत.

लंडनची हवा त्यांना मानवली नाही. प्रकृती ढासळली, अभ्यासक्रम अर्धाच राहिला, आणि 1907 साल संपण्यापूर्वी त्या मुंबईला परत आल्या. शिक्षिकेचे प्रमाणपत्र मिळाले नाही. सरकारने ज्यासाठी पैसा दिला ते काम कागदोपत्री झाले नाही. हिशेबाच्या वहीत हा खर्च बुडीत खात्यातच गेला असता.

आता पुढचे पाहा. दुसऱ्याच वर्षी, 1908 साली, नाझली बेगम नवाबसाहेबांबरोबर युरोपला निघाल्या तेव्हा अतियाबेगमही बरोबर होत्या, आणि नाझली बेगमनीही आपला प्रवास लिहून काढला. 1912 साली अतियाबेगमनी पुण्यात जन्मलेले बेने इस्राएल समाजातील चित्रकार सॅम्युएल रहमीन यांच्याशी लग्न केले. त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि दोघांनी फैजी-रहमीन हे जोडनाव लावले. 1914 साली लंडनमध्ये हिंदुस्थानी संगीतावरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, त्याला चित्रे पतीची होती. ज्या शहरात त्या सात वर्षांपूर्वी विद्यार्थिनी म्हणून ऐकत बसल्या होत्या, तेथल्याच लोकांना आता त्या आपले संगीत समजावून देत होत्या. 1926 च्या सुमारास अलीगढच्या शैक्षणिक परिषदेत त्या पडद्याविना उभ्या राहिल्या आणि खुदाच्या जमिनीवर मोकळेपणे वावरण्याचा हक्क स्त्रियांनाही पुरुषांइतकाच आहे, असे त्यांनी भर सभेत सांगितले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाढलेल्या स्त्रीला ही हिंमत एका दिवसात आली नसणार. ती सगळी लंडननेच दिली असेही मी म्हणत नाही. घराचा वाटा त्यात मोठा आहे. पण परक्या वर्गात उभे राहून पाठ घेण्याची वेळ जिच्यावर येऊन गेली, तिला आपल्या माणसांसमोर बोलण्याचे भय थोडे कमी वाटले असेल, एवढे नक्की.

फाळणीनंतर त्या कराचीला गेल्या. उतारवय हलाखीत गेले आणि 1967 साली तेथेच त्यांचे निधन झाले.

रोजनिशीचे पुस्तक 'जमाना-ए-तहसील' या नावाने 1921 साली आग्र्याला छापले गेले, म्हणजे प्रवासानंतर तब्बल चौदा वर्षांनी. 2010 साली शिवॉन लॅम्बर्ट-हर्ली आणि सुनील शर्मा या दोन अभ्यासकांनी ते इंग्रजीत आणले, तेव्हा उर्दू लिपी न येणाऱ्या आपल्या मुलामुलींनाही आता ते वाचता येईल. आमच्या वाचनालयाने एक प्रत जरूर घ्यावी. वाचताना मेजवान्यांची पाने नुसती चाळलीत तरी चालेल. कॉलेजची आणि शाळांची पाने मात्र सावकाश वाचा, आणि जमल्यास आईला मोठ्याने वाचून दाखवा.